रोकडे सरांची चौथी छत्री

गौरव समितीचे सचिव माझ्याकडे दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा मी त्यांना नाही म्हटले. गौरवलेख लिहिण्याची मला सवय नाही, आवडही नाही. आता लिहिते आहे त्याला एक वाक्य कारणीभूत आहे. सरांच्या या गौरव अंकाच्या कच्च्या छपाईत पहिल्याच पानावर असे आले होते : "श्री. एकनाथ रोकडे यांच्या टेबलावरून गेलेल्या एकाही हवाई छत्रीत कधी चूक निघाली नाही." ती पाने तपासायला सरांकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता माझा फोन वाजला.

"बाई, पहिलं पान वाचलं का?"

"वाचलं."

"खोटं आहे ते."

"सर, काढून टाकायला सांगते."

"काढू नका. काढलं तर काहीच राहत नाही. जे झालं ते लिहा. तुम्हीच लिहा. नाहीतर मी समितीला सांगतो, अंक राहू द्या, चहा पिऊन घरी जाऊ."

सर असे नुसते म्हणत नाहीत, हे त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हा अंक निघाला नसता. म्हणून लिहिते. चूक झाली होती. अर्धी सरांची होती, अर्धी माझी. माझी अर्धी आजवर वर्कशॉपच्या नोंदवहीबाहेर गेलेली नाही. माझ्या घरच्यांनाही ती इथेच पहिल्यांदा वाचायला मिळेल.

सरांची आणि माझी ओळख नवे शतक नुकतेच लागले होते तेव्हाची. अंबरनाथच्या ज्या रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षे काढली, तो बंद पडला होता. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला नवी नोकरी कोण देणार? उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये किशनचंद शेठ यांचे तंबू, ताडपत्र्या आणि दप्तरे शिवण्याचे वर्कशॉप होते. खाली जीन्सची शिलाई चाले. वरच्या लांबलचक हॉलमध्ये शेठनी एक वेगळेच काम घेतले होते. विमानातून उड्या मारण्याचा छंद असलेल्या लोकांची एक संस्था होती. तिच्या छत्र्या दुरुस्त करायच्या, तपासायच्या आणि घडी घालून द्यायच्या. त्यासाठी त्यांनी लष्करात आयुष्यभर हेच काम केलेले रोकडे सर आणले होते. सरांना नोंदी ठेवणारे माणूस हवे होते. शेठ मला म्हणाले, "मॅडम, लिखा-पढीचं काम आहे. बैठके करायचं."

बसून करायचे काम, एवढेच मी ऐकले. त्याचे काय झाले ते पुढे येईल.

पहिल्या दिवशी सर टेबलाशी उभे होते. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात ना घड्याळ ना अंगठी. टेबल तीस-पस्तीस हात लांब. टोकाला एक लाकडी ट्रे, आणि ट्रेच्या तळाशी प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली. सरांनी ट्रे माझ्यापुढे सरकवला.

"बाई, यात किती वस्तू आहेत?"

"बारा."

"मोजून दाखवा."

"मी बी.एस्सी. आहे," मी म्हटले. मला राग आला होता.

"म्हणूनच सांगतोय. शिकलेली माणसं नजरेनं मोजतात."

मी एक एक वस्तू उचलून मोजली. बाराच होत्या. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "जयभीम. उद्या नऊला या," एवढेच म्हणाले.

या अंकाच्या बहुतेक वाचकांनी हवाई छत्री फक्त आकाशात उघडलेली पाहिली असेल, म्हणून थोडे सांगते. उडी मारणाऱ्याच्या पाठीवर दोन छत्र्या असतात. एक नेहमीची, तिची घडी पुष्कळदा तो स्वतःच घालतो. दुसरी राखीव. पहिली उघडली नाही तर हिच्यावर जीव. राखीव छत्रीची घडी जाणकार माणसानेच घालायची, ती सीलबंद करायची आणि कार्डावर सही करायची, असा नियम आहे. आमच्याकडे येत त्या राखीव छत्र्या.

सर एका छत्रीला तीन-साडेतीन तास घेत. आधी कापड उजेडासमोर धरून हात हात पाहायचे. शिवण बोटाखालून न्यायची. प्रत्येक दोरी खालच्या कडीपासून वरच्या कापडापर्यंत चालत जाऊन तपासायची, कुठे पीळ नाही ना, दुसरीत अडकली नाही ना. रबराचे पट्टे दर वेळी नवे. मग घडी. शेवटी आतली स्प्रिंग दाबून पिशवीच्या झडपा मिटताना त्या धरून ठेवायला तात्पुरत्या पिना लावायच्या आणि मूठ ओढल्यावर निघते ती खरी पिन बसली की त्या काढायच्या. झडपा ओढून जवळ आणणारी ओढदोरी फासातून काढतानाही ते हळूहळू काढत. घाईने खेचली तर फास घासून जळतो आणि वरून कळतही नाही. त्यानंतर सील मारण्याआधी ट्रे मोजायचा. एकही हत्यार कमी असेल तर ते छत्रीच्या आत असू शकते. तात्पुरती पिन आत राहिली तर झडपा उघडणारच नाहीत. मोजायचे काम माझे. ज्याने घडी घातली त्याने मोजायचे नाही, असा सरांचा दंडक होता. "माझा हात मला खरं सांगेल असं नाही," ते म्हणत.

आणखी एक दंडक होता. घडी घालताना मध्येच उठावे लागले तर परत आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करायची. एकदा दोऱ्या अर्ध्या लावून झाल्या असताना सरांना जोराची शिंक आली. त्यांनी सगळे सोडून पुन्हा सुरू केले. खालची रेश्मा, जीन्सच्या मशीनवर बसणारी, वर कापड द्यायला आली होती. ती म्हणाली, "काका, शिंकेला पण सुट्टी नाय काय?" सर म्हणाले, "शिंकताना मी डोळे मिटले होते. तेवढ्यात काय झालं ते तू बघितलं का?" रेश्मा त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत वर येऊन बघत उभी राहू लागली. कात्रपच्या दोन खोल्यांत राहणारी, दहावी नापास झालेली ती मुलगी आज काय आहे ते शेवटी सांगते.

सरांच्या स्वभावातला मऊपणा पहिल्या वर्षी मला दिसला नाही. माझे वडील बदलापूरजवळच्या गावी अंथरुणाला खिळले होते. शेतघरात डासांचा उच्छाद, आणि बाजारातली मच्छरदाणी त्यांच्या मोठ्या बाजेला पुरेना. मी हे सरांना सांगितले नव्हते, रेश्माला सांगताना त्यांनी ऐकले असावे. एका बाद झालेल्या छत्रीची बारीक जाळी होती. सरांनी आधी संस्थेला पत्र लिहून ती मागितली. उत्तर यायला महिना लागला. मी म्हटले, "सर, बाद झालेलं कापड आहे, कोण विचारतंय?" ते म्हणाले, "मला कोणी विचारणार नाही, म्हणूनच विचारून घ्यायचं." मग तीन रविवार त्यांनी स्वतः मशीनवर बसून मच्छरदाणी शिवली. चारही कोपऱ्यांत दुहेरी शिवण. माझ्या वडिलांनी ती पाहून विचारले, "ही काय विमानातून टाकायची हाय का?" ते गेले त्या दिवशीही ती बाजेवर होती, एक टाका उसवलेला नव्हता.

आता ती गोष्ट.

संस्थेच्या सहा राखीव छत्र्या आल्या होत्या. रविवारी घाटावरच्या एका धावपट्टीवर उड्या होत्या, शुक्रवारी दुपारी संस्थेची गाडी छत्र्या न्यायला येणार होती. मंगळवारी आणि बुधवारी तीन झाल्या. गुरुवारी सकाळी सर चौथीच्या झडपा मिटत होते. तेवढ्यात वीज गेली आणि त्याच वेळी खालून शेठ ओरडले, "रोकडेजी! पार्टी का फोन है, जल्दी आओ, कट जाएगा!" तेव्हा मोबाइल शेठकडे होता आणि वर हॉलमध्ये तो लागत नसे. सर गेले. पाच मिनिटांत परत आले. संस्थेची माणसे शुक्रवारी चारऐवजी दोनलाच येणार होती. सरांनी खिडकीच्या उजेडात पुढचे काम केले.

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली नाही. मी पाहिले. मी काही बोलले नाही. सरांना कोण सांगणार?

त्या पाच मिनिटांत मी काय करत होते? नोंदवहीची पाठ उसवली होती. खालून दाभण मागवून, निळ्या दोऱ्याने ती शिवत होते. सर आले तसे मी दाभण हातातून खाली ठेवले, ते ट्रेमध्ये. एका पिनेची आकृती रिकामी होती, तिच्यावर ते नेमके बसले. जाडी तीच, लांबी चार बोटे, तीच. सरांनी विचारले, "बाई, ट्रे?" मी खुर्चीतून मान उंचावून पाहिले. सगळ्या आकृत्या झाकलेल्या होत्या. "बारा," म्हटले आणि सही केली. पाचवीच्या वेळी तेच केले. शुक्रवारी सकाळी सहावीच्या वेळीही तेच. तीन सह्या. मी आकडा मोजला, वस्तू मोजल्या नाहीत.

दर शुक्रवारी सर हत्यारे तेलाच्या फडक्याने पुसत. त्या दिवशी जेवणानंतर पुसायला बसले आणि थांबले. दाभण हातात धरून माझ्याकडे पाहिले.

"बाई, हे आपलं नाही."

मी पिना हातात घेऊन मोजल्या. चारऐवजी तीन. प्रत्येक पिनेला लाल फीत असते, ती दिसावी म्हणून. हरवलेल्या पिनेची फीत आठवडाभर आधी तुटली होती आणि नवी लावायची राहिली होती. आम्ही टेबलाखाली पाहिले, खिडकीत पाहिले, केराचा डबा उलटा केला. पिन नव्हती. सील मारलेल्या सहा छत्र्या ओळीने ठेवलेल्या होत्या. गाडी यायला एक तास होता.

सरांनी पहिली छत्री पुढे ओढली.

शेठ धावत वर आले. "साईं, क्या कर रहे हो? पिनच हरवली ना? दस पिन मंगवा देता हूं!"

"शेठ, पिन पाहिजे म्हणून शोधत नाही. ती कुठे नाही ते बघायचंय."

"अरे पण सील तोडली तर परत तीन-तीन घंटे! पार्टी माझी मान पकडेल. ऐका, खाली डॉक्टरकडे एक्सरे मशीन आहे. सहाचे फोटो काढू, झालं."

"फोटोत स्प्रिंग दिसेल, कड्या दिसतील. त्यात पिन नाही, असं सांगून डॉक्टर कार्डावर सही करतील का?"

सरांनी पहिली उघडली. स्प्रिंग उडून छतापर्यंत गेली, कापड टेबलावर पसरले. पिन नव्हती. पहिल्या तीन छत्र्या दाभण यायच्या आधीच्या होत्या, त्यांच्या वेळी ट्रे मी खरोखर मोजला होता. तसे मी म्हणाले. सर म्हणाले, "आज तुमच्या मोजण्यावर नको." हे कठोर वाटेल. ते खरे होते. दुसरी उघडली. तिसरी उघडली. चौथीची मूठ ओढली तेव्हा काहीच झाले नाही.

मूठ हातात आली, खरी पिन निघाली, आणि छत्री तशीच मिटलेली राहिली. सरांनी वरची झडप उचलली. आतल्या झडपेत, फीत नसलेली, आमची पिन होती.

शेठ खाली बसले. कपाळाला हात लावून म्हणाले, "मिळाली. झालं. आता दोन तरी देऊ."

सर पाचवी ओढत होते.

"अहो, मिळाली ना साईं!"

"ही मिळाली. उरलेल्या दोन याच हातांनी मिटल्यात, याच डोळ्यांनी मोजल्यात."

पाचवी आणि सहावी ठीक निघाल्या. तोवर गाडी आली होती. त्या संस्थेची एक तरुण शिक्षिका छत्र्या न्यायला स्वतः आली होती. टेबलभर पसरलेल्या सहा छत्र्या पाहून तिने विचारले, "अंकल, क्या हुआ?" सरांनी सगळे सांगितले. माझे नाव घेतले, स्वतःचे आधी घेतले. तिने कार्डे चाळली आणि हळूच विचारले, "चार नंबर मेरा है ना?"

"हो बेटा. तुमचीच."

शेठना वाटत होते आता भांडण होणार. ती म्हणाली, "संडे कॅन्सल. आप आराम से करो. चौथा मेरे सामने करना." आणि चपला काढून जमिनीवर बसली. सरांनी तिच्या समोर ती छत्री पहिल्यापासून तपासून घडी घातली. मध्ये शेठनी हाक मारली तेव्हा सर जागचे हलले नाहीत. ट्रे मी मोजला. उभे राहून, एक एक वस्तू हातात घेऊन, मोठ्याने. ती मुलगी माझ्यासोबत हळू आवाजात मोजत होती.

संध्याकाळी शेठ सरांना बाजूला घेऊन म्हणाले, मला ऐकू येईल इतक्या बाजूला, "मॅडमना नीचे बिलिंगला बसवू. इथे दुसरं कोणीतरी बघतो."

सर म्हणाले, "शेठ, सोमवारपासून अख्ख्या उल्हासनगरात ट्रे मोजायला यांच्यापेक्षा भरवशाचं माणूस तुम्हाला मिळणार नाही. आणि त्यांना काढायचं तर आधी मला काढा. पिन मी ठेवली होती."

मी दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहून आणला होता. सरांनी तो घडी करून परत दिला आणि नोंदवही पुढे केली. "हे लिहा." काय लिहू, असे मी विचारले. ते म्हणाले, "कोण कधी उठलं, कोणी काय मोजलं नाही, पिन कुठे सापडली. माझं नाव वर, तुमचं खाली. रागावून लिहू नका, रडून लिहू नका." मी लिहिले. त्यांनी वाचून एक ओळ वाढवायला लावली : 'सर मध्येच उठले हे बाईंनी पाहिले आणि त्या बोलल्या नाहीत.' मग स्वतः पेन घेऊन तिच्याखाली लिहिले : 'बोलाव्यात असं वातावरण मी ठेवलं नव्हतं.'

त्या दिवसापासून हॉलमध्ये कोणीही सरांना "थांबा" म्हणू शकत असे. रेश्माने तर त्याचा उच्छादच मांडला. "काका थांबा, तुमच्या चष्म्यावर डाग हाय." सर थांबत, चष्मा पुसत, आणि पहिल्यापासून सुरुवात करत. एकदाही कपाळाला आठी नाही. माणसाचा अधिकार मोठा असतो तेव्हा त्याला टोकणारे जवळ ठेवणे किती कठीण, हे मी बावीस वर्षे कारखान्यात पाहिले होते. सरांनी ते जमवले, आणि तेही स्वतःची चूक समोर ठेवून.

नव्या माणसाला काम शिकवताना सर पहिल्या दिवशी ते पान उघडून देत. रेश्मालाही दिले. तिने वाचून माझ्याकडे पाहिले. मला तोंड लपवावेसे वाटले. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण?" मी म्हटले, "हो. म्हणून तुला सांगते आहे, खुर्चीतून मोजू नकोस."

तेव्हा पहिल्या पानावरच्या त्या वाक्याच्या जागी समितीने हे छापावे : श्री. एकनाथ रोकडे यांच्या टेबलावर एकदा चूक झाली. ती त्यांनी शोधली, उघडली, लिहून ठेवली आणि शिकवली. त्यांच्याविषयी याहून मोठे काही मला म्हणता येत नाही.

सरांनी वयाची साठ वर्षे पूर्ण केली. जवळची अक्षरे आता त्यांना धूसर दिसतात, म्हणून त्यांनी स्वतःहून टेबल सोडले. कोणी सुचवले नव्हते. पुढची कितीतरी वर्षे त्यांनी विहाराच्या वाचनालयात पुस्तके रचत, नातवंडांचे पतंग दुरुस्त करत, धडधाकट राहावे. डोळ्यांचा इलाज करून घ्यावा. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. त्या मी मोजून दिल्या आहेत आणि पुन्हा मोजणार आहे. आणि कधी वाटेल तेव्हा हॉलमध्ये येऊन आम्हाला "थांबा" म्हणावे.

गेल्या शनिवारी टेबल सोपवले गेले. त्याची नोंदवहीत केलेली नोंद जशीच्या तशी देते.

देणार : एकनाथ रोकडे. घेणार : रेश्मा. लाकडी ट्रे एक. त्यात तात्पुरत्या पिना चार, चारही लाल फितींसह. ओढदोऱ्या तीन. चिमटे दोन. घडी दाबण्याची पट्टी एक. सील दाबण्याची पक्कड एक. कात्री एक. एकूण बारा. सोबत नोंदवही एक, पाठ निळ्या दोऱ्याने शिवलेली, सर्व पाने शाबूत. दाभण या यादीत नाही. सरांनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन मोजून दिली. रेश्माने हातात घेऊन मोजून घेतली. त्यानंतर मी खुर्चीतून उठले, मोजल्या, आणि सही केली.

— विजया भोईर